चौकातली लक्षवेधी

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

रोजनिशी सुरू. ठराव तीन.

एक, गुटख्याची पुडी आजपासून बंद. दोन, रोज एक पान लिहायचं, तेही शुद्ध भाषेत. बोलताना मले-तुले चालतं, लिहिताना नाही. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे छापतात, तेव्हा लोकांनी नावं ठेवायला नको. तीन, ही नोकरी वर्षभर टिकवायची. पुण्यात चार महिने, सुरतेत सहा, नाशकात द्राक्षाच्या एका हंगामापुरता, आणि बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत. लोक याला भटकणं म्हणतात. मी अनुभव म्हणतो.

सध्या टेकडीवरच्या डेंटल कॉलेजात ग्रामीण समन्वयक. ऑर्डरवर 'वाहनचालक (तात्पुरता)' असं छापलंय, ती क्लार्कची चूक. मी गाडी चालवतो हे खरं, पण चालवता चालवता समन्वयच करतो.

६.४०

ठराव एक उद्यापासून. खिशात एक पुडी शिल्लक निघाली. वाया घालवणं बरं नाही.

१८ नोव्हेंबर

मोताळ्याला दंत तपासणीचा कॅम्प. गाडीत डॉ. दीपमाला मॅडम, विभागप्रमुख प्रेमानंद सर, आणि इंटर्न राखी मॅडम. दीपमाला मॅडम कॉलेजात शिकवतात, पण यंदा त्यांचं लक्ष फळ्यावर नाही, विधानसभेवर आहे. तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात दातांची खुर्ची आहे, लाइट आहे, थुंकायचं भांडं आहे, डॉक्टर नाही. चार वर्षं झाली, खुर्चीवरचा प्लास्टिकचा कागद निघाला नाही. जिल्ह्यात अशा खुर्च्या सात. मॅडम म्हणाल्या, आम्ही पोरांना शिकवतो की रोग लवकर पकडा. पकडणारा माणूसच नेमला नाही तर काय शिकवतो आम्ही? म्हणून यंदा नागपूरच्या अधिवेशनात हा विषय आमदारांकडून मांडून घ्यायचा. नाहीतर पुन्हा वर्ष गेलं.

मला हे फार पटलं. म्हणलं, मॅडम, राजकारणाची बाजू माझ्यावर सोडा. मॅडम हसल्या. म्हणजे सोडली.

कॅम्पात तानाबाई नावाची भाजीवाली होती. तिचं तोंड एकच बोट उघडतं. वीस वर्षं पुड्या खाल्ल्या म्हणे. वरण-भातसुद्धा चमच्याच्या टोकानं सारावा लागतो. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात, असं सरांनी सगळ्यांना सांगितलं. रांगेतले सगळे बोटं घालून बघत होते. मी गाडीत डिझेल किती ते बघायला गेलो.

राखी मॅडम माझ्याकडे सारखी बघते. चेहऱ्याकडेच. मला दादा म्हणते, पण ती सगळ्यांनाच म्हणते.

२१ नोव्हेंबर

दोन तक्रारी नोंदवून ठेवतो.

एक. चिखलीचा पाणीपुरीवाला पुऱ्या मोठ्या करून राहिला. पूर्वी अख्खी जायची. आज तीन फुटल्या, शर्ट गेला. त्याला सांगितलं तर म्हणे, भाऊ, साचा तोच आहे बारा वर्षांपासून.

दोन. मिरच्या. आईनं ठेचा केला, जिभेला लावला की आग. बापाला काहीच झालं नाही. बाप म्हणजे रंगराव, अमडापूरच्या बाजारात बी-बियाणं विकतात, त्यांना मी म्हणलं, हा युरियाचा परिणाम. ते म्हणे, युरिया मिरचीत नाही, तुह्या डोक्यात गेला.

पुडी: आज चारच. प्रगती.

२४ नोव्हेंबर

आठ दिवसांत अकराशे सह्या आणि अंगठे गोळा केले. म्हणजे राखी मॅडमनं केले. मी पेन पुरवले. मॅडमनी सगळं एका निळ्या फाइलीत लावलं: निवेदन, सह्या, सात खुर्च्यांचा तक्ता. फाइल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, हरिओम, जिवापाड सांभाळ.

सांभाळतो. आता ती ड्रायव्हर सीटखाली आहे. समन्वयक सीटखाली.

२७ नोव्हेंबर, दुपार

मोठी बातमी. मॅडमचा व्हॉइस मेसेज: आमदारसाहेब लक्षवेधी लावायला तयार आहेत, एक तारखेच्या आत काम झालं पाहिजे, फाइल तुझ्याकडे आहेच, बाकी सहदेवभाऊ सांगतील.

सहदेवभाऊ म्हणजे आमदारसाहेबांचे पीए. त्यांना फोन केला. म्हणलं, भाऊ, लक्षवेधी कशी पाहिजे? ते गडबडीत होते. म्हणे, पाहा, लक्षवेधीचं कसं असते, थोडक्यात पाहिजे, तातडीची पाहिजे, आन् सार्वजनिक महत्त्वाची पाहिजे. एवढं जमलं की लागली समजा.

मी ताबडतोब लिहून घेतलं. थोडक्यात म्हणजे शब्द कमी. तातडीची म्हणजे उद्याच छापून. सार्वजनिक म्हणजे चौकात.

याला म्हणतात स्पष्ट माणूस.

२८ नोव्हेंबर

रवीच्या फ्लेक्सच्या दुकानात दिवस गेला. रवी माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला म्हणलं, आमदारसाहेबांनी सांगितलंय, लक्षवेधी लावायची. रवी म्हणे, आपल्या दुकानातून लक्षवेधीच निघते बे, दुसरं काय निघते? साइज सांग.

दहा बाय बारा. मजकूर: 'खुर्ची आहे, डॉक्टर कुठे?' मोठ्या दाताला दोन डोळे आणि डोळ्यांत पाणी. तपशिलासाठी फाइल रवीकडे दिली. एका कोपऱ्यात माझा फोटो, हात जोडून. रवीनं सतरा फोटो काढले. दर वेळी म्हणे, तोंड भरून हास ना बे. म्हणलं, हसूनच राह्यलो. तो म्हणे, हे हसणं नोय, हे त दातात काही अटकल्यासारखं दिसते. शेवटी त्याला म्हणलं, तुह्या मोबाइलचा कॅमेरा खराब आहे.

फोटोखाली: ग्रामीण समन्वयक हरिओमभाऊ. क्लार्कची चूक एकदाची दुरुस्त झाली.

३० नोव्हेंबर, रविवार

लागली. बसस्टँडसमोर. म्हशीसुद्धा थांबून बघतात.

२ डिसेंबर. सकाळी ११

गैरसमज झाला आहे. माझा नाही. शब्दाचा.

सकाळी मॅडमचा फोन. सहदेवभाऊंकडे काहीच पोचलं नाही म्हणे, मुदत काल संपली, लक्षवेधी कुठे आहे? म्हणलं, लागली मॅडम, रविवारीच. म्हणाल्या, कुठे लागली? म्हणलं, बसस्टँडसमोर. रेंज गेली असं वाटलं, पण श्वास ऐकू येत होता.

मग सर आणि त्या दोघं स्टँडवर आले. सरांनी समजावलं. विधानसभेत एखादा आमदार तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधतो, त्या सूचनेला लक्षवेधी म्हणतात. ती कागदावर असते. दीड पानाची. सभागृहाच्या कामकाजात नंबरानं लागते. म्हणलं, सर, जी कोणाला दिसत नाही तिला लक्षवेधी काऊन म्हणतात मग? सर फ्लेक्सकडे वळले. माझा मुद्दा त्यांना पटला असावा.

मॅडम फाइल घेऊन रवीच्या दुकानातून बाहेर आल्या. निवेदनावर आणि सह्यांच्या वरच्या पानावर शाईचा एक डब्बा सांडला होता. छोटा डब्बा.

सर मात्र फ्लेक्ससमोरून हलेनात. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाच मिनिटं नुसते माझ्या फोटोकडे बघत होते. मग राखी मॅडमला बोलावून फोटोकडे बोट करून इंग्रजीत काहीतरी सांगितलं. तीही बघत राहिली.

डिझाइन आवडलं आहे.

३ डिसेंबर

राखी मॅडमनं आज मला भेट दिली! आइस्क्रीमच्या काड्यांचं बंडल. म्हणे, दादा, या एकावर एक रचून दातांमध्ये धरा, सकाळ-संध्याकाळ, आणि हळूहळू काड्या वाढवा, पंचवीसपर्यंत जायचं. म्हणलं, भाषणासाठी? ती म्हणे, बोलण्यालाही उपयोग होतोच.

तिला कसं कळलं, मी भाषण तयार करून राहिलो ते?

सर म्हणाले, कॉलेजला पोचलो की खुर्चीवर बस, तोंड पाहू तुझं. म्हणलं, सर, गाडी धुवायची आहे. गाडी दोनदा धुतली.

५ डिसेंबर

मॅडमनी दोन दिवसांत सह्या सोडून बाकी सगळे कागद परत तयार केले, लेक्चर घेता घेता. सहदेवभाऊंनी सांगितलं, मुदत गेली, आता एकच रस्ता. दहा तारखेला सकाळी नागपूरला आमदार निवासात या, साहेब पाच मिनिटं देतील, त्यांच्या मनात बसलं तर ते स्वतः जाऊन भांडून लावतील. पण नुसते कागद नका आणू, पेशंट आणा, साहेबांनी डोळ्यानं पाहिलं पाहिजे.

तानाबाई तयार झाली. मॅडमनी तिला तीनदा विचारलं, लोकांसमोर तोंड दाखवावं लागेल, चालेल ना? ती म्हणे, दाखवतो. मले नाही झाला उपयोग तं नातवाले होईन. नऊ तारखेला सकाळी दहाला तिला मोताळ्याच्या स्टँडवरून घ्यायचं, मुक्कामाला कॉलेजात आणायचं, आणि दहा तारखेला पहाटे निघायचं. आणायचं काम माझ्याकडे.

मॅडम म्हणाल्या, हरिओम, हे तरी. फक्त एवढंच म्हणाल्या.

भाषणाची सुरुवात झाली: 'सन्माननीय महोदय, मी या मातीतला एक साधा तरुण...' पुढचं उद्या.

काड्या वापरल्या नाहीत. दोन चहा हलवायला वापरल्या, पुरतात बरोबर.

९ डिसेंबर

आज जे झालं ते सविस्तर लिहायला पाहिजे, म्हणजे पुढे कोणी माझ्यावर ढकलणार नाही.

साडेआठला निघालो. वेळेच्या आधी. राजूर घाट उतरलो तर खाली एका गावात कबड्डीचे सामने. आवाज आला. पाच मिनिटं थांबलो. त्यांचा माइकवरचा माणूस बसलेल्या घशाचा. एकजण म्हणे, तुम्ही फ्लेक्सवाले हरिओमभाऊ ना? आता ओळखल्यावर निघून जाणं बरं दिसत नाही. माइक हातात दिला. मनात म्हणलं, नागपूरच्या आधी आवाज मोकळा होईल. एक सामना. मग सेमीफायनल होती, ती अर्ध्यात सोडता येत नाही. मग फायनल. श्रीफळ आणि टॉवेल देऊन सत्कार केला.

मोताळ्याला पोचलो तेव्हा पावणेपाच. स्टँडवर कोणी नाही. रसवंतीवाला म्हणे, एक बाई होती ना, नवं लुगडं नेसून, थैली मांडीवर घेऊन. दहापासून चारपर्यंत तिथंच बसली. पाणी पाजलं मी तिले, स्ट्रॉनं.

तानाबाईच्या घरी गेलो. तिची सून महामाया दारातच. मी म्हणलं, जरा उशीर झाला. ती म्हणे, जरा? म्हणे, मोबाइल काऊन उचलला नाही? मी म्हणलं, माइक हातात होता. हे बोलायला नको होतं. ती म्हणे, त्यायले तोंड उघडता येत नाही म्हणून तुम्ही कितीही वाजता याल काय? बोलता येते त्या माणसासंग असं केलं असतं काय तुम्ही?

तानाबाई आत लुगड्याची घडी घालत होती. मी म्हणलं, चला ना बाई, अजून वेळ आहे. तिनं दातांतल्या दातांत सांगितलं, समजायला दोनदा ऐकावं लागलं: नोको. एकदा हिंमत केली होती. आता नोको.

परत येताना घाटात गाडी बाजूला लावून बसलो थोडा वेळ. पुड्या तीन. मोजल्या नाहीत, रिकाम्या दिसल्या म्हणून कळलं.

मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० डिसेंबर, नागपूर

पहाटे निघालो. गाडीत मी भाषण मनात पाठ केलं. एकट्या भाषणावर बाजी पलटू शकते.

आमदार निवासात खोली गच्च. साहेब पोहे खात होते. सहदेवभाऊंनी घड्याळ दाखवलं. मॅडमनी सात खुर्च्यांचा तक्ता मांडला, अकराशे सह्या दाखवल्या, शाईचा डाग अंगठ्यानं झाकला. साहेब म्हणे, मॅडम, आकडे त सगळेच आणते. पेशंट आणणार होते ना तुम्ही?

राखी मॅडम जमिनीकडे बघत होती. मॅडमचे कान लाल.

तेव्हा प्रेमानंद सर मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, हरिओम, तू तोंड उघडशील काय साहेबांपुढं? नाही म्हणलं तरी चालते, जबरदस्ती नाही.

अखेर! माणसाची किंमत शेवटी कळतेच. म्हणलं, सर, त्याच्यासाठीच त आलो मी.

पुढे झालो. शर्ट नीट केला. सुरुवात केली: सन्माननीय महोदय, मी या मातीतला...

सर म्हणाले, बोलू नको. उघड.

उघडलं.

आणखी, म्हणाले. म्हणलं, एवढंच आहे. म्हणजे म्हणता आलं नाही, तसा आवाज निघाला. सर म्हणाले, आता स्वतःची तीन बोटं उभी घाल. घातली. गेली नाहीत. राखी मॅडमनं खिशातून मोजायची एक छोटी पट्टी काढली, माझ्या दातांत धरली, आणि मोठ्यानं वाचलं: तेवीस मिलिमीटर. पहिल्यांदाच ती इतक्या जवळ आली होती.

सर साहेबांना सांगत होते. वय सव्वीस. तिखट जिभेला लागलं की आग होत असणार. गाल आतून पांढरा, दोरीसारखा कडक. याला अजून कोणी पेशंट म्हणलं नाही, कारण याच्या तालुक्यात म्हणणारा डॉक्टरच नाही. आता पकडलं तर बरंच सावरेल. नाहीतर दहा वर्षांनी हा एक बोट उघडेल.

साहेबांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. कोणाचं लक्ष नाही असं बघून स्वतःची तीन बोटं तोंडात घालून बघितली. मग सहदेवभाऊंनी. मग दारातल्या दोन कार्यकर्त्यांनी. बघता बघता अख्खी खोली तोंडात बोटं घालून उभी. एक कार्यकर्ता फक्त पाठ करून खिडकीकडे गेला आणि तिथंच थांबला.

साहेब म्हणे, सहदेव, पॅड आण. आज लावतो.

मला तोंड बंद करायचं कोणी सांगितलं नाही. बराच वेळ तसाच उभा होतो.

११ डिसेंबर, परतीच्या वाटेवर, ढाब्यावर

सर समोर येऊन बसले. म्हणे, तुले समजलं नव्हतं ना मी काय विचारलं ते? म्हणलं, समजलं होतं. ते म्हणे, खोटं नोको बोलू. चूक माही, नीट विचारायला पाहिजे होतं. मी म्हणलं, सर, पाणीपुरीवाल्याचा साचा बारा वर्षांपासून तोच आहे. त्यांना संदर्भ लागला नसावा. पण त्यांनी माझ्या ताटातली मिरची उचलून आपल्या ताटात ठेवली.

राखी मॅडमचा साखरपुडा जानेवारीत आहे, असं तिनं सांगितलं. छान.

१४ डिसेंबर

लक्षवेधी लागली. खरी, कागदावरची. क्रमांक अकरा. आठव्या क्रमांकापर्यंत चर्चा झाली आणि अधिवेशन संपलं. उरलेल्यांची उत्तरं पटलावर ठेवली म्हणे. मंत्र्यांचं उत्तर सहदेवभाऊंनी पाठवलं: पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे.

मॅडमनी ते तीनदा वाचलं. म्हणाल्या, सुरू आहे म्हणजे आता दर महिन्याला विचारता येईल. आणि लगेच पुढच्या अधिवेशनाची फाइल उघडली. लाल.

लक्षवेधीचा मजकूर मीही वाचला. 'बुलढाणा जिल्ह्यातील एका सव्वीस वर्षीय वाहनचालकाचे तोंड अवघी दोन बोटे उघडत असणे...' विधानसभेच्या कागदावर मी आहे, पण वाहनचालक म्हणून. दुरुस्तीचा अर्ज करणार होतो. सहदेवभाऊ म्हणे, नाव कुठं आहे त्याच्यात तुमचं?

ठराव: पुडी बंद. सुरतला एक काम आहे म्हणतात, पण आत्ता नको.

२२ डिसेंबर

सोमवार आणि गुरुवार कॉलेजात माझ्या गालात इंजेक्शन. मॅडमच्या सांगण्यावरून तानाबाईलाही मीच आणतो. पहिल्या दिवशी ती बसेना गाडीत. महामाया शेजारी येऊन बसली, हातात मोबाइल, घड्याळ बघत. म्हणे, रस्त्यात कबड्डी लागली तं सांगा, आम्ही उतरून जाऊ.

केसपेपरच्या रांगेत तानाबाई माझ्या पुढे. खिडकीतल्या माणसानं विचारलं, धंदा? ती म्हणे, भाजी. मला विचारलं. मी थोडा विचार केला. मागे रांग मोठी होती.

ड्रायव्हर, म्हणलं.

आजपासून काड्यांचा हिशोब लिहायचा असं राखी मॅडमनं सांगितलंय. तानाबाई: सात. मी: चौदा. दुप्पट!

५ जानेवारी

फ्लेक्स रवीनं काढला, त्याच्या कडब्यावर टाकलाय. माझा फोटो वर आहे. बकरी त्यावर उभी राहते.

तानाबाई: नऊ. मी: चौदा. (दोन दिवस सर्दी होती.)

१९ जानेवारी

मोताळ्याला दहाला पोचायचं असतं. नऊ पन्नासला पोचलो. तानाबाई साडेनऊपासून उभी. म्हणलं, बाई, इतक्या लवकर काऊन? ती काहीतरी बोलली आणि आता एकदाच ऐकून समजलं: सवय लावली ना तुम्हीच.

ती हसली. वरचे चार दात दिसले. याआधी दोन दिसायचे.

तानाबाई: अकरा. मी: चौदा. (टपरीवर फक्त चहासाठी थांबलो होतो.)

२ फेब्रुवारी. सकाळी ७

तानाबाईनं परवा नातवाच्या वाढदिवसाला पाणीपुरी खाल्ली, असं महामायानं फोन करून सांगितलं. अर्धी फोडून, पण खाल्ली. हे मला सांगायची काय गरज होती, कळलं नाही.

पुडी: काल एकच. तीही दुसऱ्याच्या आग्रहानं. आजपासून बंद.

काड्या. तानाबाई: बारा. मी: तेरा.

या बंडलातल्या काड्या जाड येऊन राहिल्या.